रविवारचा निरोप

कानाच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी एक म्हातारे पंप मेकॅनिक आणि त्यांची बायको बसली होती. ती त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने बोलत होती, त्यामुळे सगळ्यांनाच ऐकू जात होतं.

“अहो, आज कानात काय बसवणार ते कळलं ना?”

“एवढीशी चकती. कानाच्या पडद्यावर बसते आणि पडदाच हलवते. मी नाही का, मोटरचा बिघाड ऐकायला स्क्रूड्रायव्हर तिला टेकवून त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावायचो? तसलंच काहीतरी.”

“मग फोनवरचंही ऐकू येईल?”

“येईल म्हणाले डॉक्टर. रविवारी लेकाशी मीच बोलतो.”

“तुम्ही कशाला? तो फार भरभर बोलतो. मी सांगते की नेहमी.”

“सांगतेस खरी.”

“म्हणजे काय?”

“अगं, त्याचा फोन दोन मिनिटांत संपतो आणि निरोप तू मला अर्धा तास सांगतेस. बाबांची पाठ कशी आहे, बाबा जेवतात का नीट... एवढा मायाळू तो लहानपणीही नव्हता.”

“कामात असतो हो तो. विचारायचं राहून जातं.”

“असू दे. डोळे पूस, आपला नंबर येईल आता.”

“मग रविवारी?”

“फोन तूच घे.”

“आणि निरोप?”

“तो सांग की नेहमीसारखा. आता हळू सांगितलास तरी ऐकू येईल मला.”