चादरीचा नेम

लेक : मी विचारत नाहीये, आई. सांगतेय. अकरापर्यंत माणसं मशीन घेऊन येतील.

आई : मग खालूनच परत पाठव.

लेक : का म्हणून?

आई : दोन माणसांचं घर. दोन माणसांचे कपडे वाळवायला एवढं धूड कशाला? दोरी आहे, चिमटे आहेत, हात आहेत.

लेक : आणि खोकला आहे. तो नाही मोजलास.

आई : हळू बोल. तुझे बाबा आत वाचत पडलेत.

लेक : हळूच बोलतेय. काल डॉक्टरीणबाई माझ्यादेखत काय म्हणाल्या? घरात ओल आहे, भिंतींना बुरशी धरलीय, ती छातीत जातेय. ओले कपडे घरात वाळवणं आजपासून बंद. आणखी काही महिने असेच काढले तर छाती कायमची अधू होईल. हे माझे शब्द नव्हेत.

आई : खिडकी उघडत जाईन.

लेक : जाशील. बाबांच्या शिवणाच्या खोलीत आत्ता जाऊन आले मी. खिडकीच्या फटीत कागद कोंबलेत. कापायच्या टेबलावर चादर, खुर्चीच्या पाठीवर चादर, दारावर चादर. आत पाऊल टाकलं की कुणीतरी तोंडावरून ओला हात फिरवल्यासारखं होतं.

आई : न विचारता कडी काढलीस?

लेक : माझ्या बापाच्या खोलीची काढली. वर गच्चीत तीन दोऱ्या मोकळ्या आहेत. ऊन नसलं तरी वारा आहे. तिथे का नाही घालत?

आई : तिथे सगळ्या बिऱ्हाडांचे कपडे असतात.

लेक : मग?

आई : मग काय. रोज एकाच घरची चादर दोरीवर दिसली की बायकांना वेगळं सांगावं लागत नाही. आज नाही तर आठ दिवसांनी समजतंच.

लेक : समजू दे की.

आई : तुझ्या तोंडाला काय जातंय. या इमारतीतल्या अर्ध्या पुरुषांचे लग्नातले कोट यांनी शिवलेत. जिन्यात भेटले तर अजून माणसं ‘या मास्तर’ म्हणून बाजूला सरतात. त्यांनी उद्या एकमेकांना खुणा करायच्या?

लेक : कुणाला दिसू नये म्हणूनच तर मशीन. धुवायचं, आत टाकायचं, तासा-दोन तासांत कोरडं. गच्ची नको, दोरी नको.

आई : यांना दिसेल ना.

लेक : बाबांना?

आई : एवढं गुरगुरणारं यंत्र दिसणार नाही? विचारतील, कशाला आणलं. काय सांगू?

लेक : खरं सांग.

आई : त्यांना माहीत नाही.

लेक : काय माहीत नाही?

आई : अंथरूण ओलं होतं ते.

लेक : आई, सात महिने झाले.

आई : गोळीने गाढ झोप लागते त्यांना. मी पहाटे चारला उठते, दिवा लावत नाही. अंधारातच सगळं बदलते. सकाळी जागे होतात ते कोरडे.

लेक : आणि रोज चादर कशी काय धुतेस, हे विचारलं नाही कधी?

आई : विचारलं. अगदी सुरुवातीला.

लेक : मग?

आई : म्हटलं, नेम धरलाय. वर्षभर रोज धुतलेल्या चादरीवर निजायचं.

लेक : असला नेम असतो कुठे?

आई : नसतो.

लेक : म्हणजे तू खोटं बोललीस. जपाचा एक मणी चुकला तर पुन्हा पहिल्यापासून मोजणारी तू.

आई : म्हणून तर खोटं राहू दिलं नाही. ज्या दिवशी चादर कोरडी निघते त्या दिवशीही धुते. तोंडून गेलं ते पाळायला नको?

लेक : कोरडी चादर धुतेस.

आई : आठवड्यातून दोनदा तरी निघते.

लेक : कोरडी चादर गार पाण्यात बुडवायची, पिळायची आणि त्याच कोंदट खोलीत टांगायची. देवाने तरी काय म्हणावं?

आई : त्याला कारण ठाऊक आहे. त्याच्या वतीने तू बोलू नकोस.

लेक : थांब, फोन वाजतोय. हो, बोला. हो, तिसरा मजला. लिफ्ट नाही हो, जिनाच आहे. दहा मिनिटं? या.

आई : नको म्हणायचं होतंस.

लेक : नाही म्हणणार.

आई : मग मी दार उघडणार नाही.

लेक : मी उघडीन.

आई : तू चार दिवसांनी आपल्या घरी जाशील. मला रोज त्यांच्या तोंडाकडे बघायचंय. गेल्या वर्षी हात थरथरायला लागला, कात्री खाली ठेवली ती ठेवलीच. महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. हे कळलं तर त्या माणसाकडे उरेल काय?

लेक : आणि तू उरशील का? तूच अंथरूण धरलंस तर त्यांच्या चादरी बदलायचा नेम कुणी धरायचा?

(आई खोकू लागते. खोकला थांबत नाही. आतलं दार उघडतं.)

बाबा : पाणी दे तिला. कोमट दे.

आई : तुम्ही कशाला उठलात? काही नाही, ठसका लागला.

बाबा : ठसका काय रोज पहाटे चारला लागतो?

लेक : बाबा, बसा तुम्ही.

बाबा : उभा ठीक आहे. मशीन कुठे ठेवायचं ठरलं?

आई : कसलं मशीन? हिचं आपलं काहीतरी चाललंय.

बाबा : अगं, दार लाकडाचं आहे. सगळं ऐकू आलं. आणि ऐकायची गरजही नव्हती. या घरातल्या आठही चादरी मी शिवल्यात. एकीला दुहेरी टीप आहे, एकीची दुमड रुंद आहे. रात्री दुहेरी टिपेवर निजतो आणि सकाळी बोटाला एकेरी लागते. पन्नास वर्षं याच बोटांवर पोट भरलं. त्यांना एवढं कळू नये?

आई : कधीपासून?

बाबा : पहिल्या दिवसापासून.

आई : पण गोळी...

बाबा : त्या गोळीने झोप आली कधी मला?

लेक : मग बोलला का नाहीत? सात महिने ही चादरी पिळतेय. खोकलेली ऐकू येत नव्हती?

बाबा : येत होती.

लेक : तरीही?

बाबा : तरीही. हिने नेम म्हटलं आणि मला आडोसा मिळाला. ती तिकडे खोकायची, मी इकडे पांघरूण डोक्यावरून ओढून घ्यायचो. रोज ठरवायचो, उद्या सांगू. याला दुसरं नाव नाही पोरी, भित्रेपणाच.

आई : तिच्यासमोर असं बोलू नका.

बाबा : तिच्यासमोर तरी बोलू दे. तुझ्यासमोर सात महिने जमलं नाही.

लेक : जिन्यात पावलं वाजताहेत. आई, आले ते. आता तूच सांग. तू नाही म्हणालीस तर परत पाठवते.

आई : नेमाचे अजून पाच महिने आहेत.

बाबा : धुवायचा नेम होता ना? मग धू. वाळवायची कशात, ते कुठे बोलली होतीस?

आई : तुम्हाला चालेल? रोज डोळ्यांसमोर असेल ते.

बाबा : माझ्या खोलीतच ठेवा. टेबल मोकळं होईल. कापायला जमणार नाही, निदान तिथे बसेन तरी.

आई : मग थांबा, आधी तिथल्या चादरी काढते. परकी माणसं येणार.

बाबा : राहू देत. वाळवायचं मशीन घेतोय, तर वाळवायला काहीतरी असणारच घरात.

लेक : मी दार उघडते.

आई : उघड. आणि त्यांना म्हणावं, जिन्यात जपून, पायऱ्या उंच आहेत. अहो...

बाबा : काय?

आई : पहाटे मी चादर ओढायला लागले की नेमके तुम्ही कूस बदलायचात. मला वाटायचं, झोपेत बदलताय.

बाबा : अर्धी चादर माझ्याखाली अडकली की तू हळूच ‘देवा’ म्हणायचीस. तेवढं ऐकलं की बदलायचो.