चाकांवरची भिंत आणि अंबूबाईचे देव

कुणावर विश्वास ठेवायचा हो माणसानं, तुम्हीच सांगा! सुतारावर? इंजिनियरवर? की देवावर? मी तिघांवरही ठेवला, आणि आज स्वतःच्या इमारतीत बोळात उभा आहे... तुम्ही बसा, बसा, आत पहिला अंक संपला की तुमचाच नंबर, तोवर ऐका तरी!

तुम्हाला सांगतो, शाळा माझी चौथीपर्यंत, पण लाकूड मला कळतं. होसकोटे रस्त्याला वखार, तीस वर्षं सागवान विकलं. एक दिवस पद्माकर आला, पुण्याहून इथल्या सरकारी कारखान्यात लागलेला इंजिनियर, काखेत नकाशा. 'मालोजीकाका, राहायची जागा वेगळी आणि कामाची वेगळी, कशाला? खोल्यांमध्ये लाकडी पडद्या घालू, खाली चाकं! रात्री सहा बिऱ्हाडं, सकाळी पडद्या सरकवल्या की एक मोठा हॉल! शिंपी, चित्रकार, नाटकवाले, सगळे एकत्र! फ्लेक्सिबल, काका, फ्लेक्सिबल!' शब्द मला कळला नाही, पण कल्पना डोक्यात अशी घुसली म्हणता... वखारीतलं निवडक सागवान सगळं जयनगरात नेऊन ओतलं. आजूबाजूला तेव्हा नुसती लाल माती, आणि मध्ये आमची इमारत! शिवाप्पा सुतारानं चाकांना तेल दिलं, म्हणाला, 'स्वल्प ढकला सावकार,' मी एका बोटानं ढकलली, सर्रर्र! भिंत सरकते हो! बायकोला दाखवली, दूधवाल्याला दाखवली, पोस्टमनला तर दोनदा दाखवली!

आणि पहिलं बिऱ्हाड कुणाचं? अंबूबाईचं! बेळगावकडची, शिवणकाम करणारी. पहिल्याच सकाळी ठक, ठक, ठक! धावत जातो तर पडदीला खिळे, खिळ्यांवर फळी, फळीवर देव!

'अक्का, अहो, ही भिंत सरकते!'

'मग देव कुठं ठेवू अण्णा, चुलीवर?'

'पण रोज सकाळी सरकवायची आहे...'

'बसवलेले देव? रोज? तुमच्या घरचे सरकवता?'

आठवड्यात सगळ्या पडद्यांवर देव! चित्रकार यल्लाप्पा, जो चारचौघांत 'मी काही मानत नाही' म्हणायचा, त्यानंही आईच्या देवीचा टाक आणून लावला. का? तर हॉल झाला की सकाळी लवकर उठून अंथरूण गुंडाळावं लागतं! आणि सहाव्या खोलीत आम्ही, तर आमच्या हिनंही... जाऊ द्या. भिंत सरकते हो, पण सरकवणार कोण?

इकडे नाटक मंडळीचा प्राणेश रोज दारात. 'अण्णा, शनिवारी प्रयोग, दीडशे माणसं बोलावलीत. हॉल नसेल तर आम्ही चाललो म्हैसूरला!' ती मंडळी गेली की राहिलं काय? चाळ! मग सागवान कशाला, विटा रचल्या असत्या! गुरुजींकडे पळालो, ते म्हणाले, 'देव हलवता येतील, मुहूर्त पुढच्या गुरुवारी.' पद्माकरकडे पळालो, तो म्हणतो, 'काका, देव ड्रॉइंगमध्ये नव्हते!'

शनिवार उजाडला. माणसं दारात, प्राणेश सामान बांधतोय, मी घामाघूम. तेवढ्यात अंबूबाई पदर खोचून म्हणते, 'एवढं काय त्यात? आमच्या घरातच करा की नाटक!' आणि केलं हो! पहिला अंक तिच्या खोलीत, दुसरा यल्लाप्पाच्या, तिसरा आमच्या. पंचवीस-पंचवीस माणसं आत, बाकीची बोळात नंबर लावून. नायिका सुलभा चुलीपाशी रडतेय, 'या घरात मला कुणी विचारत नाही!' तर अंबूबाई भाकरी थापता थापता, 'मी विचारते की गं, जेवलीस का?' लोक हसून हसून आडवे! प्राणेशनं येऊन मला मिठी मारली. 'अण्णा, आता दर शनिवारी असंच! पडद्यांना हात लावायचा नाही!'

भिंत सरकते हो! अजून सरकते! चाकांना मी अजून तेल घालतो! पण आता ती सरकवू दिली तर प्राणेश म्हैसूरला जाईल. म्हणून दर शनिवारी माझ्या कॉटवर नायक मरतो, चांगली पंधरा मिनिटं मरतो, आणि मी इथं बोळात...

उठा, दार उघडलं! हां, एक काम करा. दाराशी पाटी टांगलीय, माणसागणिक एक रेघ ओढायची, कडेवरचं लेकरूसुद्धा धरायचं. अंबूबाई रेघा मोजून पोहे भिजवते. गेल्या शनिवारी अकरा रेघा कमी निघाल्या, आणि माझ्या वाटचे पोहे मेलेला नायक उठून खाऊन गेला. तेवढा हिशेब खरा ठेवा, बाबांनो.