मारितची पाटी

पत्ता कशाला हवाय तुला? चिठ्ठी लिहिलीस ना, झालं तर मग — दे इकडे, पुढचं मी बघतो. हे काम माझ्याकडेच असतं गं. अठ्ठेचाळीस सालापासूनची रीत आहे या तलावाची — विक्रम मोडला की जुनी पाटी भिंतीवरून उतरवायची, मोडणारीने चार ओळी लिहायच्या, आणि दोन्ही जिची पाटी तिला टपालाने धाडायच्या. बाहेर ते चषक नि स्की-संघाचे फोटो बघत पाहुणे फिरतात ना, त्यांना वाटतं हाच या क्रीडा केंद्राचा वारसा. वारसा कसला डोंबलाचा! धूळ पुसून पुसून हात दुखतात माझे. गेल्या वर्षी एक पाटी वृद्धाश्रमात पाठवली, एक्क्याण्णव वर्षांची बाई — म्हणे उशाशी घेऊन झोपते. बरं, शिडी धर. घट्ट धर, नुसता हात लावून उभी राहू नकोस. मैलाची शर्यत — ही बघ, भिंतीवरची सगळ्यात जुनी. मारित टॉरगर्सन, सतरा मिनिटं चार सेकंद, एकोणीसशे सत्त्याण्णव. जुनी वाटत नाही? रंग देतो ना मी दरवर्षी. नाही, बाकीच्यांना नाही देत — वेळ कुठे असतो.

कशी होती म्हणजे? बडबडी. पाण्याबाहेर दोन मिनिटं गप्प बसायची नाही. म्हणून तर मैल पोहायची, मी म्हणायचो, तेवढा वेळ तरी जगाला शांतता. सहासष्ट फेऱ्या, आणि पलीकडच्या टोकाला कुणीतरी वाकून फेरीचा आकडा पाण्यात धरायचा — शनिवारी तुझी ती मैत्रीण धरत होती बघ — तसा तिचा मी धरायचो. दुसऱ्या कुणी धरला की चिडायची. म्हणायची, तू असलास की मला मोजावं लागत नाही, बाबा, मी नुसती तुझ्याकडे —

हो. बाबा. माझ्या डगल्यावर नुसतं ‘ऑर्ली’ शिवलंय, आडनाव कोण विचारतं इथे? सगळ्यांचा मी पाणीवाला ऑर्ली. चार वर्षं तू रोज पहाटे मला हाक मारून पाण्यात उतरतेस, तुला तरी कुठे माहीत होतं? पत्ता विचारत होतीस ना — चर्चच्या मागे, कबरींच्या दुसऱ्या ओळीत. त्या शर्यतीनंतर सोळा दिवसांनी. सराव आटपून तशीच ओल्या केसांनी गाडीत बसली, पुलावर बर्फ होतं, गाडी घसरली. मी तिला थांब म्हणणार होतो, केस वाळव म्हणणार होतो — पण पंप चालू होता, तो कुठे बंद करत बसा, म्हटलं घरी गेल्यावर बोलू.

नको, रडू नकोस. आधी ऐक, मग रडावंसं वाटलं तर रड. शनिवारी पाणी कसं होतं? कोमट होतं ना? कोचने मला विचारलं, मी म्हटलं बॉयलर जुना झालाय. बॉयलर चांगला धडधाकट आहे. शर्यतीचं पाणी एकोणऐंशी फॅरनहाइटवर, म्हणजे गारच, ठेवायचं असतं. मी आदल्या दिवशी चौऱ्याऐंशीवर नेतो. छोट्या शर्यतींना काही फरक पडत नाही, पण त्यात मैल पोहायचा म्हणजे लोकरीचा कोट घालून धावायचं — चाळीसाव्या फेरीला जीव नकोसा होतो. सत्तावीस वर्षं केलं मी हे. सत्तावीस. एक रोवेना होती, तुझ्यासारखीच उंच, एका सेकंदाने हुकली. त्या तिथे पायरीवर बसून हमसून हमसून रडली, आणि मी — मी तिला टॉवेल नेऊन दिला गं. पाठीवरून हात फिरवला. पुढच्या वर्षी तिने पोहणंच सोडलं.

का म्हणून विचारतेस? घरी तिचं नाव काढता येत नव्हतं. हिल्डा, माझी बायको, उठून दुसऱ्या खोलीत जायची. आता तर हिल्डाही नाही. पण इथे रोज कुणीतरी मान वर करून वाचायचं — मारित टॉरगर्सन, सतरा-चार. मोठ्याने वाचायचे कधीकधी. ते ऐकायला मी येत होतो कामावर, दुसरं काय?

आणि शनिवारी तू काठाला हात लावलास, वर आलीस, तिथेच ओकलीस. सतरा-दोन. सगळे नाचत होते, मी पंपाच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. तुझा राग नाही आला — आला. खोटं कशाला बोलू, खूप राग आला. मग आठवलं, तीही अशीच ओकली होती. तुझ्या पाण्यात मी विष कालवलं आणि तरी तू — थंड पाण्यात काय करशील, पोरी? आज सकाळी एकोणऐंशीवर आणून ठेवलंय. कोचला सांग सगळं. किल्ल्या मी टेबलावर ठेवल्यात.

थांब, ही चिठ्ठी. पाठवायची तर आता मीच उरलो घ्यायला. वाचू? अक्षर बरं आहे तुझं. ‘प्रिय मारित, चार वर्षं मी रोज तुमचं नाव बघून पाण्यात उतरले. भिंतीवरून ते जाणार याचं मला वाईट वाटतंय. कधी इकडे आलात तर एकदा माझ्या फेऱ्यांचा आकडा धराल का?’

…

जा तू. जा म्हणतो ना, शिडी राहू दे, मी उतरतो सावकाश. पाटी माझ्याकडेच राहील. अगं — तशीच कुठे निघालीस? केसांतून बघ किती पाणी गळतंय. मी पंप बंद करतो, थांब, इथे बस. वाळव आधी.