आईकडं का बापाकडं

मी मूळची जतकडची. तिकडं पानी न्हाई, मेंढरं हायती, निम्मी मानसं कानडी बोलत्यात, मी बी आईला अव्वा म्हनायची. मला दिलं पलूसकडं, काळ्या रानात, उसाच्या घरात. बाप म्हनला पोरीचं नशीब उघडलं, आता घागर घिऊन कोसभर जायाला नगं. व्हय, पान्याचं सुख लाभलं, ते मी नाकारत न्हाई. बाकीचं सांगते, पर तुमी मधी मधी हूं म्हना, गप बसलासा की मला वाटतं मी भिंतीशी बोलतीया.

मालक पलटनीत व्हतं. म्हादू पोटात ऱ्हायला आन हे लामावर गेलं, ती गोऱ्या सायबाची मोठी लढाई चालू व्हती बगा, तिकडं. म्हादू झाला, धडधाकट, सासऱ्यानं गावभर गूळ वाटला. पर पोरगं तोंडाकडं बघंना. हाक मारली तर वळंना, आन लांब कुठं मोटार वाजली की कानावर हात ठिवून कोपऱ्यात घुसायचं, मग बहिरं तरी कसं म्हनायचं? हुलगं घ्यायचं, दारात एकामागं एक ओळ लावत बसायचं, त्यातला एक कुनी हलवला की घर डोक्यावर घ्यायचं. बोलाय लागलं उशिरा, आन ते बी असं की आपन जे म्हनू त्यातलं शेवटचं तेवढं म्हनायचं. म्हादू, जेवतूस? जेवतूस. म्हादू, कोन आलं? कोन आलं. लोकं हसायची, येडं हाय म्हनायची. मी भांडायची त्यांच्यासंगं, काय सांगू तुमास्नी, पान्यावर, जात्यावर, जिथं घावंल तिथं, माजं पोर येडं न्हाई, उशिरा पिकनारं हाय. अंगारा झाला, देवरशी झाला, कोंबडं झालं. काय बी झालं न्हाई.

लढाई सरली, मालक आलं. खाकी कापडात, पोरासाठी पत्र्याची मोटार घिऊन. दारात बसलं, हात पसरलं, ये म्हनलं बाबाकडं. पोरानं मोटार घेतली, उलथी केली आन चाकं फिरवत बसलं, बापाकडं बघितलं सुदिक न्हाई. त्या मानसाचं ते तोंड मला अजून दिसतंय, आन वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. एवढ्या गोळ्या चुकवून आलेला गडी, आन पोटच्या पोरानं खुंटीएवढी किंमत दिली न्हाई. पर मग त्यो समदा राग माज्यावर. हिच्या कुशीतच खोट हाय, दुसरं बी असंच हुईल. सासूनं तर दुसरी पोरगी हेरूनच ठिवली व्हती.

आमच्यात तवा कोर्टकचेरी न्हवती. पंच बसायचं, नवरा वाळकी काडी घ्यायचा, सगळ्याम्होरं मोडायचा, झाली काडीमोड. मी म्हनलं, मोडा काडी, पर पोर मला द्या. मालक देत बी व्हतं. सासरं म्हनलं न्हाई, पोरगा जमिनीचा वारस, आज पोर न्हेतील, उद्या हिचं भाऊ वाटनी मागाय येतील.

पारावर पंच बसलं. त्यातलं एक म्हातारं तात्या, लय चांगलं मानूस, ते म्हनलं पोरालाच इचारू, लेकराच्या तोंडी देव असतो. म्हादूला जवळ घेतलं आन इचारलं, बाळा, आईकडं ऱ्हातूस का बापाकडं?

बापाकडं, म्हनला म्हादू.

समद्यांनी माना हालवल्या. मी पदर सावरायचं इसरले, वराडले, आवं तात्या, उलटं इचारा, बापाकडं का आईकडं असं इचारा! त्यांनी इचारलं. आईकडं, म्हनला म्हादू. मला वाटलं जितले. तर सासरं उठून हुबं ऱ्हायलं, म्हनलं, बघा पंच, हिनंच दावलं, पोराला अक्कल न्हाई, मग येड्याची साक्ष कशी धरता? रीत हाय ती करा. आन रीत काय, तर पोर बापाचं. आवं, इतकी वर्सं मी गावाशी भांडले, आन भर पंचात माज्याच तोंडानं पोर येडं ठरलं. काडी कवा मोडली ते मला कळलं बी न्हाई.

भावाकडं आले, हितं. भाऊ म्हनला पाट लावू तुजा, मी न्हाई म्हनलं. मला एक आस व्हती. म्हादू माज्याबिगर कुनाच्या हातचं खात न्हवता. म्हनलं उपाशी ऱ्हाईल, कटाळतील, आनून टाकतील दारात. आईनं असं मनात आनू नये, पर मी आनलं.

दारात आली ती सवत. सर्व्हिस मोटारीनं, धुरळ्यानं भरलेली, माज्यापरीस ल्हान पोर. म्हनली, आक्का, त्यो काय बी खात न्हाई, मार खातो पर घास घेत न्हाई. मामंजी म्हनत्यात अजून थोडं दिस बघू, न्हाईच खाल्लं तर घाला तिच्या पदरात. पर तवर त्यो ऱ्हायाचा न्हाई, आक्का. आन तिनं दोन बोटं जुळवून दावली, त्याचं मनगाट केवढं झालंय ते.

तोंड मिटून बसले असते तर पोर माजं व्हतं. जगलं असतं तर.

मग सांगितलं. भाकरीचा पापुद्रा येगळा काढ, दुधाला लागू दिऊ नगं, वाटी लांब ठेव. म्होरं ठिवलंस की पाठ फिरव, आन खा म्हनू नगं, तू खा म्हनलीस की त्यो बी खा म्हनंल आन तसाच बसंल. तिनं समदं माज्याम्होरं परत म्हनून दावलं, चुकली तिथं मी परत सांगितलं. चुलीवरची भाकरी बी न खाता तशीच माघारी गेली.

खाल्लं त्यानं. तिच्या हातचं खाल्लं, आन कुनी त्याला माज्या पदरात घातलं न्हाई.

आता बाप्या झालाय म्हनं, गोठ्यातच ऱ्हातो. तिला चार पोरं झाली, समदी चांगली, मजी खोट माज्यातच हाय असं गाव म्हनायला मोकळं. म्हनू दे. ती कवातरी बाजारकऱ्यासंगं निरोप धाडती, जेवतो. तेवढाच निरोप. मी बघाय जात न्हाई, मला बघून त्यो काय म्हनंल? मी जे म्हनीन तेच.

रोज दिवा लावते तवा एकच मागते, तिला औक्ष दे, ती हाय तवर त्यो खाईल. सवतीला औक्ष मागनारी बाई तुमी कुठं बघितली नसंल. आता बघा.