राजकन्येची घागर

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी बोदवड स्टेशनच्या बाकावर कौतिकअक्का आणि त्यांची शेजारीण मंदा बसल्या होत्या.

“अक्का, तुमच्या मूळपुरुषाचा सिनेमा आला म्हने केबलवर?”

“कार्टून आलं व माय! लढाईत मेलेला मानूस, त्याले शत्रूच्या राजकन्येसंगं गानं म्हनाले लावलं.”

“मंग मेला कधी?”

“मेलाच नही! लगीन लागलं. हत्तीबी नाचला.”

“अन् त्याची खरी बायको? तुमचा बठ्ठा वंश जिच्या पोटचा?”

“एकदा दिसली. इहिरीवर पानी भरत व्हती.”

“अग माय!”

“काल पितरांच्या घागरी भरल्या, तर नात म्हने, राजकन्येची काऊन नही?”

“सांगायचं, ती खोटी हाये.”

“सांगितलं. पोरगी जेवेच ना. मंग भरली एक. वर आंबा ठेवला, सांजोरी ठेवली.”

“खऱ्या बायकोच्या घागरीशेजारी?”

“सवती एकाजागी कशा बसवू? एक देवघरात, एक चुलीपाशी.”

“अन् त्या बाबाची घागर?”

“मधात, उंबऱ्यावर. हात जोडले अन् म्हटलं, बाबा, कोनाकडं बसायचं ते आता तुम्हीच ठरवा.”