अजून बेल झाली नाही

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, शाखेचे व्यवस्थापक माननीय वीरेंद्र साहेब; व्यासपीठावर पाहुण्यांच्या खुर्चीत अवघडून बसलेले, वैभवीचे आजोबा जानराव आबा; पहिल्या रांगेत बसलेल्या तिच्या आई तुळसाबाई; बँकेतली सगळी मंडळी, मालेगावच्या आणि आसपासच्या गावांतून आलेले खातेदार बंधुभगिनी; आणि जिच्या गळ्यातल्या हारामुळे आज तिचा चेहराही नीट दिसत नाही, ती आपली वैभवी. सर्वांना माझा सप्रेम नमस्कार.

मी बँकेची कुणी नाही. माझं इथे पेन्शनचं खातं आहे, एवढाच आपला संबंध. मी इथल्या कॉन्व्हेंटमध्ये लहान मुलांना शिकवत असे, त्यामुळे समोर बसलेल्या बऱ्याच जणांचं नाक मी कधी ना कधी पुसलेलं आहे. ते आठवण म्हणून सांगितलं, कुणी मान खाली घालू नये.

आत्ता साहेब फार सुंदर बोलले. ते म्हणाले, अधिकारी होणं हे वैभवीचं लहानपणापासूनचं स्वप्न होतं. साहेब, आपला मान राखून सांगते, ते नव्हतं. वैभवीला एसटीची ड्रायव्हर व्हायचं होतं.

हसा, हसा. लहानपणी आपल्यापैकी कुणाला बँकेत नोकरी करायची होती? मी अकोल्याला सिस्टरांच्या शाळेत शिकले. मला सिस्टर व्हायचं होतं. का, तर त्यांचे बूट पांढरेशुभ्र असत आणि त्या चालताना कंबरेचा किल्ल्यांचा जुडगा वाजत असे. मी मोठ्या सिस्टरांना विचारलंही होतं, सिस्टर होण्यासाठी काय करावं लागतं? त्या म्हणाल्या, आधी डब्यातली भेंडी संपव. भेंडी काही संपली नाही, आणि आमच्या घरी रोज बुद्धवंदना, वडिलांना कळलं तेव्हा ते पोट धरून हसले. पुढे मला रेडिओवर बातम्या सांगायच्या होत्या. मग लग्न झालं, मालेगावला आले, आणि टीचर झाले. वाईट झालं का? नाही. एक स्वप्न सुटत गेलं, दुसरं हाताला लागत गेलं.

तर वैभवी ड्रायव्हर. आणि कंडक्टर कोण? माझी लेक, निकिता.

नव्या मंडळींना माहीत नसेल म्हणून सांगते. आमची आणि जानराव आबांची भिंत एक. आमच्या अंगणातून गच्चीवर जाणारा सिमेंटचा जिना आहे, तीच यांची बस. वैभवी सगळ्यात खालच्या पायरीवर, हातात माझी परात. ते स्टिअरिंग. मधल्या पायऱ्यांवर बाहुल्या, उशा आणि सापडेल तो माणूस. निकिता सगळ्यात वर, गळ्यात माझी पर्स, हातात सांडशी. कंडक्टर तिकिटाला भोक पाडायच्या चिमट्याची टकटक करत फिरायचे ना, तशी ती सांडशी वाजवत खाली यायची. आबांनी त्यांच्या बैलाच्या गळ्यातली घंटी दिली होती. ती परातीशेजारी टांगलेली, आणि तिची दोरी म्हणजे माझ्या परकराचा नाडा, वर निकिताच्या हातात.

घरात मी तिला शुद्ध बोलायला शिकवत असे, आणि जिन्यावर माझी लेक अस्सल वऱ्हाडी. एकदा आबा सापडले.

"कुठी जाचं हाय, आबा?"

"वाशीमले, माय."

"हे गाडी आसेगावले जाते. उतरा खाली."

"काहून वं? आताच त बसलो!"

"पाटी वाचता येत नाई काय? अन् तिकिटाचे पैसे वापस नाई भेटत."

आबा, तुम्ही हसताय. मला आठवतं, तुम्ही खरोखर उतरला होतात, आणि पुढच्या गाडीसाठी कडुलिंबाखाली उभे राहिला होतात.

या गाडीचा एक नियम होता, जो खऱ्या एसटीचाही आहे. एक बेल म्हणजे थांब. दोन बेल म्हणजे चल. दोन बेल झाल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही. निकिता दोनदा दोरी ओढायची आणि वरून ओरडायची, "जाऊ द्याऽऽ!" मग वैभवी परात फिरवायची. नियमाला वैभवी इतकी पक्की, की संध्याकाळी तुळसाबाई भिंतीपलीकडून हाका मारायच्या, "वैभवे, चाल ना वं, भाकर थंडी होऊन राह्यली!" आणि ही ढिम्म. "आई, बेल नाई झाली." निकिता मुद्दाम दोरी हातात धरून बसायची, हिची गंमत बघत.

एका वर्षी दिवाळीच्या सुट्ट्या होत्या. खेळताखेळता निकिताने एक बेल दिली आणि म्हणाली, "मालेगाव! गाडी दहा मिनिटं थांबेल." खाली आली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली. अंग भाजत होतं. वैभवीला म्हणाली, "तू बसून राय, मी आलीच." आम्ही तिला वाशीमला नेलं, तिथून अकोल्याला. डेंग्यू होता. ती परत आली ती कशी आली, ते आज या मंगल प्रसंगी मी सांगणार नाही. चौथीत होती.

घर माणसांनी भरलं होतं. लोक येत, माझा हात धरत आणि म्हणत, "जाऊ द्या, टीचरबाई. जाऊ द्या आता." आपल्याकडे सांत्वनाला दुसरे शब्द नाहीत, लोकांचा काय दोष? पण ते ऐकलं की मला जिन्यावरचा तो आवाज ऐकू यायचा. संध्याकाळी अंगणात आले, तर खालच्या पायरीवर वैभवी. मांडीवर परात. तुळसाबाई तिला समजावत होत्या, "चाल माय, सकायपासून पोटात काई नाई तुया." ती म्हणाली, "आई, बेल नाई झाली अजून." तुळसाबाईंनी तिला उचलूनच नेलं. मी परात घरात आणली. घंटी काढून ठेवली. जिना तेवढा राहिला.

पुढे वैभवी मोठी झाली. सातवीत तिला विमान चालवायचं होतं. दहावीत कलेक्टर व्हायचं होतं. बारावीनंतर आठ-पंधरा दिवस तिला ब्युटी पार्लरही काढायचं होतं, ते तुळसाबाईंना आज कळतंय. दर वेळी ती आधी मला येऊन सांगायची, आणि ती गेली की मी मनात म्हणायचे, मग निकितालाही आता कंडक्टर व्हायचं नसेल. ती काय झाली असती? वकील? तोंड तर तसंच होतं. पण मला पुढचं काही दिसायचंच नाही. लोक माझ्याजवळ येऊन हळहळतात, टीचर, व्हायचं होतं एक आणि झालो भलतंच. मी त्यांना म्हणते, बाळांनो, तुमचं स्वप्न बदललं, कारण तुम्ही मोठे झालात. माझी निकिता अजून कंडक्टरच आहे.

ती केवढी झाली असती, हे मी वैभवीकडे बघून ठरवत आले. वैभवीची उंची, वैभवीचा पहिला पगार, वैभवीने पहिल्यांदा नेसलेली साडी. निकिताचे बाबा गेल्यावर तर रोज बँक सुटली की ही आधी माझ्या फाटकाशी. "टीचर, चहा टाका." स्वतःच्या घरी नंतर.

गेल्या महिन्यात तुळसाबाई भिंतीपाशी आल्या आणि म्हणाल्या, "टीचरबाई, एक सांगतो, राग नका मानू. हे पोरगी दोनदा अफसर होऊन राह्यली होती, दोन्ही बार नाई म्हणे. बदली होते ना. तुमी एकट्या पडता म्हणून थे कुठीच जाऊन नाई राह्यली."

मी वैभवीला विचारलं, काहून गं? तर म्हणाली, "मला इथलं पाणी मानवतं." मी तिच्यावर आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. तिने या वेळी बढतीला हो म्हटलं. उद्या ती आसामात, सिलचरला निघाली आहे. पण काल संध्याकाळी चहाचा कप विसळताना ती पाठमोरीच मला म्हणाली, "टीचर, साहेबांना अजूनही ‘नाही’ म्हणता येईल. तुम्ही फक्त म्हणा."

साहेब, मी काल उत्तर दिलं नाही. कारण मला तिला थांबवायचं होतं. खरं सांगते, आत्ता या क्षणीही थांबवायचं आहे. ही गेली की संध्याकाळी माझ्या फाटकाची कडी वाजणार नाही. ही गेली की माझी निकिता पुढे किती वर्षांची झाली, ते मला कशावरून कळणार? पण रात्रभर मला ती खालची पायरी दिसत होती. एका मुलीला कुणीतरी सांगितलं, तू बसून राहा, आणि ती बसून राहिली. एवढी शहाणी, एवढी शिकलेली, आणि अजून बसून आहे. कंडक्टर आता येणार नाही, हे तिला कोण सांगणार? कंडक्टरच्या आईनेच सांगायला हवं ना?

मला बोलायला उभं केलंत, साहेब, त्याबद्दल आपले आणि बँकेच्या सर्व मंडळींचे मनापासून आभार. आबा, तुळसाबाई, तुम्ही तुमच्या लेकीच्या संध्याकाळी मला दिल्यात, त्याचे आभार मानायला मला कुठल्याच शाळेत शिकवलं नाही. हारतुऱ्यांच्या दिवशी मी तुम्हाला रडवलं, बोलता बोलता कुठे चुकले असेन, तर घरची मोठी बाई समजून पोटात घाला.

एकच काम राहिलं आहे. आबा, ही तुमच्या बैलाची घंटी. आज पिशवीत घालून आणली आहे. दोरी नाही, हातानेच वाजवते.

वैभवी, उठू नकोस. तिथूनच ऐक.

ही एक.

आणि ही दुसरी.

जाऊ दे, बाळा.