करंजाची फांदी आणि दोडक्याचा मांडव

आजच्या सभेच्या अध्यक्षा, आपल्या सरपंच समीक्षाताई. व्यासपीठावरचे वनपाल साहेब. ज्यांच्या माडीवरच्या खोलीत मॅडमनी तीन पावसाळे काढले ते अबूबकरचाचा आणि मुनिराचाची. सत्कारमूर्ती हर्षला मॅडम. आणि चहा आला का म्हणून मघापासून दाराकडे बघणारे माझे समस्त ग्रामस्थ, सगळ्यांना नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. ‘कमलेश, चार शब्द चांगले बोल, भांडू नकोस,’ असं समीक्षाताईंनी बजावलं आहे. ताई, आज माझं भांडण ज्याच्याशी आहे तो माइकपुढेच उभा आहे. तेव्हा काळजी नसावी.

तीन वर्षांपूर्वी मॅडम अभ्यासासाठी रसायनीहून आल्या आणि आपल्या पोशीरमध्ये विचारत सुटल्या, ‘ओहोळावर पानांना पांढऱ्या फेसाचे गोळे कुठे दिसतात?’ आम्ही हसलो. ते गोळे आम्ही लहानपणी काठीनं पाडत होतो. ती झाडबेडकाची घरटी असतात, हे आम्हाला कुणी सांगितलं होतं? मी तेव्हा सरांशी वाद घालून कर्जतचं कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलेलं. घरी रोज बोलणी खात होतो. मॅडमना वाटा दाखवणारा माणूस हवा होता. मी लागलो.

ज्यांनी हा बेडूक नुसता ऐकला आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अंगठ्याएवढा प्राणी. बोटांच्या टोकाला चकत्या, त्यामुळे ओल्या पानावरही घसरत नाही. मादी मागच्या पायांनी फेस घुसळते आणि त्यात अंडी ठेवते. कुठे? पाण्यात नाही, पाण्यावर झुकलेल्या पानावर. काही दिवसांनी पिल्लं खाली टपकतात. ती संथ पाण्यात पडली तर जगतात, धारेत पडली तर गेली वाहून. म्हणजे सावली हवी, झुकलेली फांदी हवी आणि तिच्या बरोबर खाली शांत डोह हवा. आपल्या सबंध ओहोळावर अशी जागा एकच होती. वरच्या डोहावरचं करंजाचं झाड. पहिल्या पावसाळ्यात तिथं एक्केचाळीस घरटी मोजली. दुसऱ्या पावसाळ्यात अडतीस.

या वर्षी जूनमध्ये सहा. तीही उघड्या कातळावर. एका पुरात सगळी धुऊन गेली. कारण करंजाची डोहावरची फांदी मार्चमध्येच कुणीतरी राबासाठी तोडली होती.

साहेब, तुम्ही घाटावरचे, म्हणून सांगतो. आम्ही भाताचं रोप टाकण्याआधी त्या जमिनीवर डहाळ्या पसरून जाळतो. तो राब. कुणाच्या राबाची झाडं कुठली, हे कुठे लिहिलेलं नाही, पण गावात शेंबड्या पोरालाही पाठ आहे. मॅडमनी मला विचारलं, ‘हे करंज कुणाच्या राबाचं?’ मी म्हणालो, ‘गोमाकाकांच्या.’ एवढंच म्हणालो. ते खरंच होतं.

पुढचं तुम्ही पाहिलंत. ग्रामसभेत गोमाकाकांना उभं केलं. ‘तीन वर्षं ही पोरगी चिखलात उभी राहिली, आणि तुम्हाला दुसरी फांदी मिळाली नाही?’ असं आपल्यातलेच लोक बोलले. काका टोपी हातात घेऊन उभे होते. बोलले नाहीत. मी तिसऱ्या रांगेत होतो. मीही बोललो नाही.

फांदी मी तोडली होती.

थांबा जरा. पूर्ण बोलू द्या, मग काय ते करा. त्याच्या आदल्या दिवशी मॅडमनी त्याच झाडाखाली मला सांगितलं होतं, की डेहराडूनला संशोधनाची जागा मिळाली, सप्टेंबरात जाणार. आणि वर म्हणाल्या, ‘तूही कॉलेज पूर्ण कर.’ मला राग आला. कशाचा, ते इथं सांगणार नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलं आहे, उरलेल्यांना मुनिराचाची सांगतील. चाची, हसू नका. दुसऱ्या दिवशी राबाला डहाळ्या आणायला म्हणून कोयता घेऊन निघालो, तो आमच्या झाडांकडे न जाता थेट डोहावर गेलो. ज्या फांदीखाली बसून दोन वर्षं घरटी मोजली, ती चार घावांत पाडली. बेडकांनी माझं काय केलं होतं? काहीही नाही.

ग्रामसभेनंतर मी डोहावर मांडव घालायला घेतला. दोन्ही काठांना मेढी, वर आडवे बांबू. वेल चढवला तर पानं पाण्यावर येतील, असा हिशेब. गोमाकाकांची मंडळी, धोंडूबाई, भर पावसात बांधावर उभ्या राहून ओरडल्या, ‘कुनाचं लगीन हाय रं, नदीत मांडव घालतोस तो?’ पण संध्याकाळी काका करवंट्यांत वाढवलेली दोडक्याची रोपं घेऊन आले. हातभर वाढलेली. त्यांच्या परसातली.

रोपं लावताना तुटक्या फांदीचा खुंट चाचपत काका म्हणाले, ‘कमल्या, ह्यो घाव डाव्या हाताचा हाय.’

गावात डावरा मी एकटा.

मी म्हटलं, ‘काका, मग तुमी सभेत बोलला का नाय?’

‘तुजी म्याडम समोर बसली व्हती. तुजं त्वांड पायलं. म्हनलं, पोरगं सांगंल आपलं आपन.’ मग मेढ हलवून बघितली आणि म्हणाले, ‘ही ढिली हाय. नीट ठोक.’

ही जुलैची गोष्ट. आज सप्टेंबर संपत आला. या काळात काका मला रोज दिसले. एकदाही त्यांनी तो विषय काढला नाही. काढला असता तर मी भांडलो असतो, आणि माझी सुटका झाली असती.

दोडका चढला. ऑगस्टमध्ये त्याच्या पानांवर अकरा घरटी मोजली. मॅडम खूश झाल्या. माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला अजून जड जाते.

मॅडम, तुमचा अहवाल सोमवारी जाणार. अठराव्या पानावर तुम्ही लिहिलं आहे, ‘स्थानिक शेतकऱ्याने राबासाठी फांदी तोडली.’ ते खोडा. तिथं लिहा, ‘सर्वेक्षणातील सहायकाने रागाच्या भरात तोडली,’ आणि पुढे माझं पूर्ण नाव घाला. पाठीवरची थाप परत घेतलीत तरी चालेल. कॉलेजचं म्हणाल, तर फॉर्म आणला आहे. अजून भरलेला नाही. मांडवाचं म्हणाल, तर दर पावसाळ्याला मी तो उभा करीन आणि करंजाला फांदी येईपर्यंत घरट्यांचा आकडा तुम्हाला कळवीन. त्यात दुसरं काही लिहिणार नाही.

आता आभार. अबूबकरचाचांनी खोलीचं भाडं वाढवलं नाही, चाचींनी डबा चुकवला नाही, वनपाल साहेबांनी परवानगीचा कागद लवकर दिला, आणि तुम्ही सगळ्यांनी मला मध्ये न थांबवता ऐकलंत, म्हणून सर्वांचे आभार. बोलताना कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाचा मान कमी पडला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. तेवढी एक फांदी घालू नका. तिची माफी मला वेगळी मागायची आहे, आणि ती या उंचीवरून मागता येत नाही.

ताई, हा माइक धरा. काका, तुम्ही उठू नका. मीच खाली येतो.